दारावरचा माणूस



या व्याख्यानाच्या आमंत्रणपत्रिकेवर ‘हिल्लेल’ हा विषय छापून आला आणि दोन दिवसांत मला तीन फोन आले. एकाने विचारले, हे माथेरानच्या अलीकडचे कुठले ठिकाण? दुसऱ्यांना ती छपाईची चूक वाटली. तिसरे माझे जुने स्नेही. त्यांनी आडपडदा न ठेवता विचारले, की दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका यहुदी पंडिताचे आम्ही वसईकरांनी करायचे काय? पहिले दोन फोन मी हसण्यावारी नेले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फोनवर देण्याजोगे नव्हते, म्हणून ते इथे देतो. ते स्नेही समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

आधी अंतर मोजू. या सभागृहातून रिक्षा केली तर सोपाऱ्याला पोचायला किती वेळ लागतो? वाहतूक धरून अर्धा तास म्हणू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. तीत सुप्पारा आहे, कल्लिएना आहे, सेमिल्ला आहे. म्हणजे आपले सोपारे, कल्याण आणि चौल. हिल्लेल जेरुसलेममध्ये वारला तो इसवी सन १० च्या सुमारास. जहाजे इथून निघत होती आणि तिकडच्या बाजारात माल उतरत होता, त्याच काळातला हा माणूस. यहुद्यांच्या मिश्ना या ग्रंथात एक नोंद आहे. प्रायश्चित्ताच्या मोठ्या दिवशी जेरुसलेमचा मुख्य याजक सकाळी मिसरचे तागाचे वस्त्र नेसे आणि दुपारनंतर हिंदुस्थानी वस्त्र. त्या हिंदुस्थानी वस्त्राची किंमतही दिली आहे, ८०० झूझ. झूझ म्हणजे चांदीचे नाणे. त्यांच्या सर्वांत पवित्र दिवशी, सर्वांत पवित्र माणसाच्या अंगावर आपल्याकडचे कापड होते.

शलमोन राजाचे सोने ज्या ओफीरहून येई ते ओफीर म्हणजे आपले सोपारे, असेही काही अभ्यासक म्हणत आले. जुन्या ग्रीक बायबलात त्या नावाचे ‘सोफिर’ असे रूप आहे, ते कानाला गोड लागते. पण नाव जुळले म्हणून गाव जुळत नाही. शलमोनाच्या सोन्यावाचूनही सोपाऱ्याचे काही अडत नाही. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे जिथे सापडले आणि १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उकरलेला स्तूप ज्या गावात आहे, त्याने उसना मोठेपणा कशाला मागावा?

तेव्हा जहाजांचा रस्ता होता. माणूस कसा होता, ते आता सांगतो.

हिल्लेल जन्माने जेरुसलेमचा नव्हे. तो बाबिलोनचा, आजच्या इराकचा. शिकण्यासाठी जेरुसलेमला आला. जवळ पैसा नव्हता. त्या वेळी शमाया आणि अवतालियोन हे दोन मोठे गुरू तिथे शिकवत. परंपरा सांगते, की हे दोघेही बाहेरून धर्मात आलेल्यांच्या वंशातले. त्यांच्या पाठशाळेच्या दारावर द्वारपाल बसे आणि आत सोडायचे पैसे घेई. हिल्लेल दिवसभर अंगमेहनत करी. जी मजुरी मिळे तिचे दोन भाग करी. एक भाग घरच्यांसाठी, एक भाग द्वारपालासाठी. रोज.

एका शुक्रवारी काम मिळाले नाही. द्वारपालाने आत सोडले नाही. हिल्लेलने काय केले? तो छपरावर चढला, उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्याशी ओणवा झाला आणि वरून ऐकू लागला. हिवाळ्याचे दिवस होते. रात्रभर बर्फ पडत राहिले. पहाटे शमाया अवतालियोनला म्हणाला, रोज या घरात उजेड असतो, आज अंधार कसा? ढग आले आहेत का? दोघांनी वर पाहिले तर झरोक्यात माणसाची आकृती. वर जाऊन बघतात तो तीन हात बर्फाखाली हा गृहस्थ पडलेला. त्याला खाली आणले, अंघोळ घातली, अंगाला तेल चोळले, विस्तवापाशी बसवले. तो दिवस शनिवारचा, शब्बाथचा. त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, काम करायचे नाही. दोन्ही गुरूंनी ठरवले, की या माणसासाठी शब्बाथ मोडला तरी चालेल.

इथे तेल लक्षात ठेवा. शनिवार लक्षात ठेवा. आणि दार तर विसरूच नका. तिन्ही आपल्या किनाऱ्यावर पुन्हा भेटणार आहेत.

आता तुमच्यातल्या एखाद्याच्या मनात शंका आली असेल, की हे खरे घडले का? या गोष्टी ज्या तलमूद ग्रंथात आहेत तो हिल्लेलनंतर चारपाचशे वर्षांनी आजच्या रूपाला आला. मग आपल्या महिपतींनी ‘भक्तविजय’ लिहिला तो १७६२ साली. त्यात ज्ञानेश्वर-नामदेव आहेत, ते साडेचारशे वर्षांपूर्वीचे. आपण भक्तविजय वाचतो तेव्हा पंचनामा वाचत नाही आणि भाकडकथाही वाचत नाही. लोकांना एका माणसाचे काय काय सांभाळून ठेवावेसे वाटले, ते वाचतो. हिल्लेलचेही तसेच वाचावे.

लोकांनी काय सांभाळले? दारावर अडवलेला माणूस सांभाळला. मराठी माणसाला हे चित्र नवे नाही. पंढरपूरच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. चोखोबांना जातीने अडवले, हिल्लेलला पैशाने. अडवण्याची ही दोन कारणे सारखी नाहीत. पैसे उद्या मिळू शकतात, जात उद्या बदलत नाही. त्या महाद्वारातून सगळ्यांना आत जाता यावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, चोखोबांनंतर सहाशे वर्षांनी. हिल्लेलचे नशीब बरे. तो पुढे त्याच जेरुसलेममध्ये सर्वोच्च स्थानी बसला. अडवलेला माणूस दाराचा मालक झाला की काय करतो? पुष्कळ जण द्वारपालाचे दर वाढवतात. आपण पाहिले आहेत असे लोक. शिक्षणसंस्थांत पाहिले, राजकारणात तर रोज पाहतो. हिल्लेलच्या गोष्टी वाचाव्यात त्या या प्रश्नाचे त्याचे उत्तर पाहण्यासाठी.

त्याच्या समकालीन पंडिताचे नाव शम्माई. विद्वान, काटेकोर, तापट. एक परका माणूस शम्माईकडे आला आणि म्हणाला, मी एका पायावर उभा आहे तेवढ्या वेळात सगळे धर्मशास्त्र शिकवा, मी तुमचा धर्म घेतो. शम्माईच्या हातात बांधकामाचा मोजायचा गज होता. त्याने तो उगारून माणसाला हाकलले. तोच माणूस हिल्लेलकडे आला. हिल्लेलने त्याला सांगितले, की तुला स्वतःला जे नकोसे वाटते ते दुसऱ्याच्या वाट्याला आणू नकोस. शास्त्र एवढेच, उरलेले सगळे त्याचे स्पष्टीकरण. गोष्ट बहुतेक लोक इथेच थांबवतात. पण हिल्लेल थांबला नाही. आता जा आणि ते शिक, असेही त्याने बजावले. एका पायावर प्रवेश मिळतो. मुक्काम करायचा तर दोन्ही पाय टेकून अभ्यासाला बसावे लागते.

दुसरा एक जण आला. तो म्हणाला, लिहिलेले शास्त्र मानतो, तोंडी परंपरा मानत नाही. शम्माईने त्यालाही घालवले. हिल्लेलने त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली. आलेफ, बेथ, गिमेल, दालेथ. दुसऱ्या दिवशी तीच अक्षरे उलट क्रमाने सांगितली. माणूस चिडला, काल तर तुम्ही वेगळे सांगितलेत! हिल्लेल म्हणाला, हे अक्षर आलेफ आहे हे तू कोणाच्या भरवशावर मानलेस? माझ्याच ना? मग तोंडी परंपरेसाठीही तेवढा भरवसा ठेव. पहिलीच्या बाई ‘ग गणपतीचा’ म्हणतात तेव्हा आपण पुरावा मागतो का?

शम्माईची बाजूही सांगायला हवी. प्रत्येक माणसाचे हसतमुखाने स्वागत करावे, हा उपदेश परंपरेने शम्माईच्याच नावावर नोंदवला आहे. गज त्याच्या हातात होता आणि हसतमुखाचा उपदेशही त्याचाच. माणसे अशीच असतात. त्याचा आपल्या ज्ञानावर जीव होता आणि चेष्टेखोराच्या हाती ते द्यायला तो तयार नव्हता. मी ३२ वर्षे शिक्षकी केली. खरे सांगायचे तर वर्गात मी बहुतेक वेळा शम्माई होतो.

हिल्लेलच्या शांतपणाची गोष्ट ऐकताना मला पैठण आठवते. दोघांनी पैज लावली, हिल्लेलला जो चिडवील त्याला ४०० झूझ. शुक्रवारची संध्याकाळ, हिल्लेल शब्बाथपूर्वी डोके धूत होता. पैजवाला दारात येऊन एकेरीत ओरडू लागला, हिल्लेल कुठे आहे? हिल्लेल अंगावर वस्त्र घेऊन बाहेर आला. बाळा, काय हवे? प्रश्न आहे. विचार की. बाबिलोनच्या लोकांची डोकी वाटोळी का? आता हिल्लेल स्वतः बाबिलोनचा! तो म्हणाला, मोठा प्रश्न विचारलास. तिथल्या सुइणी हुशार नसतात म्हणून. थोड्या वेळाने पुन्हा हाक. अमक्या देशाच्या लोकांचे डोळे अधू का? वाळूत राहतात म्हणून. पुन्हा हाक. तमक्यांचे पाय रुंद का? दलदलीत राहतात म्हणून. शेवटी तो माणूसच चिडला. म्हणाला, तुझ्यासारखे फार न निपजोत, तुझ्यापायी माझे ४०० झूझ गेले! हिल्लेलने सांगितले, तुझे आणखी ४०० गेले तरी चालतील, पण हिल्लेल चिडायचा नाही.

पैठणला एकनाथांना चिडवण्याची पैज २०० रुपयांची होती. मुलाच्या मुंजीसाठी पैसे हवे असलेला एक गरीब ब्राह्मण नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथ रागावले नाहीत. मग जेवताना नाथांच्या पत्नी गिरिजाबाई वाढायला वाकल्या तेव्हा तो त्यांच्या पाठीवर चढला. नाथ म्हणाले, सांभाळ, पाहुणे पडतील. गिरिजाबाई म्हणाल्या, मुलाला पाठीवर घेऊन काम करायची मला सवय आहे. जेरुसलेमची गोष्ट पैठणला कोणी आणली नसेल आणि पैठणची तिकडे नेली नसेल. पण रागावर पैजा लावणारे लोक दोन्ही गावांत होते. एवढे मात्र म्हणेन, की पैठणच्या गोष्टीत गिरिजाबाई आहेत. हिल्लेलच्या घरात कोण होते, डोके धुवायला पाणी कोणी तापवले, हे त्या गोष्टीत येत नाही.

इथपर्यंत ऐकून हिल्लेल नुसता गोड स्वभावाचा साधू वाटेल. तसा तो नव्हता. त्याची कायद्याची कामे पाहा. मोशेच्या नियमाप्रमाणे दर सातव्या वर्षी कर्जे रद्द होत. नियम गरिबासाठी. पण झाले असे, की सातवे वर्ष जवळ आले की सावकार कर्ज देईनासे झाले. नियम शाबूत, गरीब उपाशी. हिल्लेलने एक दस्तऐवज काढला, त्याला प्रोझबूल म्हणतात. त्याप्रमाणे येणे रक्कम न्यायालयाच्या हवाली करायची, म्हणजे ती सातव्या वर्षी बुडत नाही. धर्मवचनाला वळसा घातला असे कोणी म्हणेल. वळसा होताच. पण बियाण्यासाठी उसने मागायला गेलेल्या माणसाला दार उघडले गेले.

दुसरा कायदा वसईकरांना अधिक जवळचा वाटेल. तटबंदीच्या गावात कोणी अडचणीपायी घर विकले, तर एका वर्षाच्या आत पैसे परत करून ते सोडवून घेण्याचा हक्क मूळ मालकाला होता. वर्ष उलटले की घर कायमचे गेले. मग घेणारा काय करी? वर्षाच्या शेवटच्या दिवशी लपून बसे! पैसे घेऊन आलेला बिचारा दार ठोठावतोय आणि आत सामसूम. (तुम्ही हसता आहात, म्हणजे ओळखलेत. आज फोन ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ असतो.) हिल्लेलने ठरवून दिले, की मूळ मालकाने पैसे मंदिराच्या कोठीत जमा करावेत, दार फोडावे आणि आपल्या घरात जावे. दार फोडावे! ज्याला उभ्या जन्मात कोणी रागावलेले पाहिले नाही त्याचा हा निवाडा आहे. हिल्लेलची दुसरी एकही गोष्ट लक्षात राहिली नाही तरी चालेल, ही राहू द्या.

पण आज मला ज्या गोष्टीसाठी हा माणूस तुमच्यापुढे आणायचा होता ती अजून यायची आहे.

एका वर्षी वल्हांडण या यहुदी सणाचा बळी नेमका शब्बाथच्या दिवशी आला. त्या दिवशी बळी द्यायचा की नाही, मोठमोठ्यांना आठवेना. कोणी म्हणाले, बाबिलोनहून आलेला तो हिल्लेल आहे, त्याला विचारा. त्याने दाखले देऊन सिद्ध केले, की द्यायचा. प्रमुखांनी तिथल्या तिथे आपली जागा सोडून त्याला नासी, म्हणजे प्रमुख, केले. आणि मग हिल्लेलकडून चूक झाली. तो त्यांना बोलू लागला, की तुम्ही आळस केलात, गुरूंपाशी शिकला नाहीत, म्हणून माझ्यासारख्या परक्याला विचारायची पाळी आली. तेवढ्यात कोणी विचारले, सुरी आदल्या दिवशी आणायची राहिली असेल तर? शब्बाथला सुरी हातातून नेता येत नाही. हिल्लेल गप्प. आठवेना! हे मी ऐकले होते पण विसरलो, अशी त्याने कबुली दिली. आणि पुढे सांगितले, की लोकांना त्यांच्या मनाने करू द्या. ते संदेष्टे नसले तरी संदेष्ट्यांची लेकरे आहेत, काय करतात ते बघू. दुसऱ्या दिवशी लोक आले. ज्याचे कोकरू होते त्याने लोकरीत सुरी खोचलेली, ज्याचा बकरा होता त्याने शिंगांमध्ये. कोणी शिकवले नव्हते. ते पाहून हिल्लेलला आठवले, की गुरूंनी हेच सांगितले होते.

शास्त्र विसरले तर लोकांकडे पाहावे. एवढा धीर किती शास्त्र्यांना असतो?

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्राएल या कोकणातल्या यहुदी समाजाची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज जहाज फुटून तिथे लागले, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. कधी? त्यांच्यातले पुष्कळ जण इसवी सनापूर्वी १७५ चा सुमार सांगतात. इतिहासकारांची मते निरनिराळी आहेत. परंपरेचा काळ धरला तर हे लोक हिल्लेलच्या जन्माआधी निघाले. ग्रंथ बुडाले, भाषा गेली. ते मराठी बोलू लागले, गावांवरून पेणकर, दिवेकर, राजपूरकर, केहिमकर झाले, तेलाचा घाणा चालवू लागले. आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. हिल्लेलसाठी शनिवारी तेल वापरले गेले आणि कोकणात शनिवारी तेल काढायचे थांबले. दोन्ही एकाच दिवसाचा मान.

त्यांच्याजवळ काय उरले होते? शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना, जी ते बारशापासून मयतापर्यंत प्रत्येक प्रसंगी म्हणत. सणांची इब्री नावे गेली आणि मराठी नावे आली. बिरड्याचा सण, खिरीचा सण, नव्याचा सण. हायम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाअखेर आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, त्यात ही नावे आहेत. बिरड्याचा सण म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक. तो शोक वालाच्या बिरड्याने पाळला जाई. आणि प्रायश्चित्ताचा तो मोठा दिवस, ज्या दिवशी याजक आपल्याकडचे वस्त्र नेसे? त्याचे कोकणातले नाव दारफाळणीचा सण. दारे लावून, पांढरे नेसून, उपास धरून घरात बसायचे. का, हे सांगणारा ग्रंथ जवळ नाही. पण दार लावायचे एवढे पक्के ठाऊक. शिंगांत खोचलेली सुरी आठवते ना?

पुढे दाविद राहाबी नावाचा एक यहुदी आला. तो कुठून आणि कधी आला याबद्दल वाद आहेत, गोष्टीबद्दल एकमत आहे. त्याने या तेल्यांच्या घरात निरनिराळी मासळी दिली आणि रांधायला सांगितले. बायांनी पर आणि खवले असलेली मासळी वेगळी काढली, बाकीची बाजूला सारली, ही आम्ही खात नाही म्हणाल्या. राहाबीने ओळखले. कोळंबी-चिंबोरी घरात आल्यावर माणसाचा निश्चय किती टिकतो हे वसईत सांगायला नको. त्या घरांनी तो शतकानुशतके टिकवला होता. राहाबीने पुस्तक उघडले नाही, प्रश्नपत्रिका काढली नाही. लोक काय करतात ते पाहिले. तो हिल्लेलच्या घराण्याचा शिष्य होता म्हणायला हरकत नाही.

मग दारे एकेक करून उघडली. सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला पहिले सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनागृह, बांधले. १८३२ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी इब्री भाषेचे व्याकरण मराठीतून छापले. हेतू धर्मांतराचा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. बेने इस्राएलांनी आलेफ-बेथ घेतले आणि धर्म जवळजवळ सगळ्यांनी आपलाच ठेवला. १८४६ साली मुंबईत हगादा निघाली, इब्रीसोबत मराठी भाषांतर असलेली. हगादा म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायची पोथी. त्या विधीत बेखमीर भाकरी आणि कडू पाला एकत्र करून खाताना हिल्लेलचे नाव घ्यायचे असते, कारण तो तसे खात असे. १८७४ च्या पुण्याच्या हगादेतल्या चित्रांत तर लुगडी नेसलेल्या बाया ती भाकरी करताना दिसतात. हिल्लेल असा मराठी घरात आला, स्वयंपाकघराच्या बाजूने. हनुक्काच्या सणात पहिल्या दिवशी एक दिवा आणि मग रोज एक वाढवत आठव्या दिवशी आठ, हा क्रमही त्याच्याच शिष्यांचा. शम्माईचे शिष्य आठांवरून एकावर यायचे म्हणत.

वसईत हिल्लेल त्याहून आधी आला होता, नाव न सांगता. १५३४ पासून १७३९ पर्यंत इथे पोर्तुगीज होते. त्यांच्याबरोबर जे ख्रिस्ती शास्त्र आले त्यात गमलियेल हा यहुदी गुरू आहे, संत पौलाचा गुरू. तो परंपरेने हिल्लेलचा नातू. प्रेषितांना शिक्षा करायला निघालेल्या सभेला तो सांगतो, की या माणसांना राहू द्या. आजोबांचीच बोली. आमच्या गावोगावच्या चर्चमध्ये हे मराठीत वाचले जाते. आणि त्याच पोर्तुगीज राज्यात काय घडत होते? मुंबई बेट ज्याने खंडाने घेतले होते आणि १५६३ साली गोव्यात हिंदुस्थानी औषधींवरचा मोठा ग्रंथ छापला, तो गार्सिया द ओर्ता जन्माने यहुदी कुळातला. बाहेर ख्रिस्ती, घरात दार लावून काय, ते त्याच्या मरणानंतर बाहेर पडले. १५६९ मध्ये त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्यात जिवंत जाळले. १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळली. दारफाळणीचा सण वर्षातून एक दिवस असतो. ओर्तासारख्यांचा तो जन्मभर चालला.

शेवटचे दार जवळच्या काळातले. इस्राएल झाल्यावर बेने इस्राएल मोठ्या संख्येने तिकडे गेले. १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांबाबत चौकशीचा आदेश काढला. तुमचे आजे-पणजे कोण? काडीमोड आणि पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले होते का? पुरावा आणा. आता नवगावच्या किनाऱ्यावर बुडालेल्या पोथ्यांचा पुरावा कुठून आणायचा? ही माणसे जेरुसलेमच्या रस्त्यावर बसली. १९६४ च्या उन्हाळ्यात आंदोलन पेटले, प्रकरण संसदेत गेले आणि अखेर त्या आदेशातून बेने इस्राएलांचे नाव काढावे लागले. ज्या गावात हिल्लेलला द्वारपालाने अडवले त्याच गावात पेण-पनवेलच्या माणसांना दोन वर्षे दारावर उभे राहावे लागले. आणि अडवणारे हिल्लेलचेच निवाडे तोंडपाठ असणारे होते. मला हे क्षमा करण्याजोगे वाटत नाही. शम्माईच्या हातातल्या गजाने निदान कुणाचे खापरपणजोबा मोजले नव्हते.

तिसऱ्या रांगेतल्या स्नेह्यांना उत्तर मिळाले की नाही, ते चहाच्या वेळी सांगतीलच.

आता एक विनंती. इथून ठाणे लांब नाही. २०१४ पर्यंत आपण त्याच जिल्ह्यात होतो. तिथे १८७९ साली बांधलेले सिनेगॉग आहे. एकदा जाऊन या. शनिवार टाळा, तो त्यांच्या प्रार्थनेचा दिवस. आधी विचारून जा आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाऊस या यहुदी केंद्रात जे घडले त्यानंतर मुंबई-ठाण्याच्या सिनेगॉगांच्या दारावर पहारा असतो. पहारेकरी विचारतील. न चिडता उत्तर द्या.